रस्ता चुकू लागतो तेव्हा : सौम्य बोधात्मक ऱ्हासात काय तपासावे, काय ठरवावे

घरातील ज्येष्ठ व्यक्ती नावे विसरू लागली किंवा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागली की कुटुंबीय सावध होतात. पण तीच व्यक्ती बँकेतून परतताना भलत्याच चौकात वळली, किंवा नातेवाइकांच्या सोसायटीत शेजारच्या इमारतीत शिरली, तर ‘लक्ष नव्हते’ असे म्हणून ती गोष्ट तेथेच सोडून दिली जाते. वाचकांकडून वारंवार येणाऱ्या विचारणांत हाच गोंधळ दिसतो : वाट चुकणे हा आजार मानावा का, कोणत्या डॉक्टरांकडे जावे, एकट्याने बाहेर जाऊ द्यावे का, गाडी थांबवावी का, आणि मालमत्तेचे कागद आत्ताच करावेत का. हे मार्गदर्शन कुटुंबीयांइतकेच त्या व्यक्तीसाठीही आहे, कारण या अवस्थेत ती स्वतः वाचू शकते, समजू शकते आणि आपला निर्णय आपण घेऊ शकते.

सौम्य बोधात्मक ऱ्हास, म्हणजे डॉक्टर ज्याला ‘माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट’ किंवा थोडक्यात ‘एमसीआय’ म्हणतात, ती अवस्था वयोमानाच्या विसराळूपणाहून अधिक आणि स्मृतिभ्रंशाहून कमी असते. स्मृती किंवा विचारशक्ती चाचणीत उणी भरते, परंतु आंघोळ, स्वयंपाक, व्यवहार, औषधे हे दैनंदिन जीवन मोठ्या अंशी स्वतंत्रपणे चालू असते. स्मृती-चिकित्सालयांत आलेल्या अशा रुग्णांपैकी वर्षाला साधारण १० ते १५ टक्के व्यक्तींना पुढे स्मृतिभ्रंश होतो असे दिसते. काही जण वर्षानुवर्षे आहेत तेथेच राहतात, आणि काहींच्या चाचण्या पुन्हा सर्वसाधारण पातळीवर येतात. म्हणून या निदानाकडे शिक्षा म्हणून पाहू नये आणि ते टाळूही नये.

वाट सापडण्यामागची दोन कौशल्ये

निर्णय घेण्यापुरते एवढे समजून घेणे पुरेसे आहे की माणूस वाट दोन प्रकारे शोधतो. पहिल्या प्रकारात सवयीची साखळी असते : दारातून डावीकडे, दवाखाना लागला की उजवीकडे. दुसऱ्या प्रकारात मनात परिसराचा नकाशा असतो, त्यामुळे रस्ता बंद असला तरी ‘देऊळ त्या बाजूला, म्हणजे घर या बाजूला’ असे ताडून नवी वाट काढता येते. हा नकाशा मेंदूतील हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेला एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स हे भाग तयार करतात. तेथील पेशींच्या शोधासाठी जॉन ओकीफ, मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांना २०१४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अल्झायमरमधील बिघाडाची सुरुवातही बहुधा याच परिसरात होते. स्मृतीशी निगडित सौम्य ऱ्हास असलेल्या व्यक्तींना लपवलेले ठिकाण पुन्हा शोधून काढण्यात अडचण येते, असे प्राग येथील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले होते.

याचा व्यवहारातील अर्थ मोठा आहे. सवयीची साखळी दीर्घकाळ शाबूत राहते, त्यामुळे तीस वर्षांच्या ओळखीच्या रस्त्याने दूध आणणारी व्यक्ती पूर्णपणे ठीक वाटते; खरी उणीव उघड होते ती रस्ता खोदलेला असतो, रिक्षा मागच्या फाटकाशी सोडते किंवा रुग्णालयातून बाहेर पडताना दुसरे दार लागते तेव्हा. ‘रोज मंडईत जातात, त्यांना काही झालेले नाही’ हा कुटुंबीयांचा युक्तिवाद त्यामुळे अपुरा ठरतो, आणि ‘एकदा चुकले, आता बाहेर नको’ हा निष्कर्षही तितकाच अपुरा असतो.

केव्हा थांबून पाहावे

नव्या शहरात गोंधळणे, मॉलच्या वाहनतळात गाडी शोधत बसणे, किंवा बोलण्याच्या नादात एक वळण पुढे जाऊन लगेच लक्षात येणे यांत चिंतेचे कारण नाही. शिवाय ज्यांची दिशांची जाण तरुणपणापासूनच बेताची होती त्यांची तुलना इतरांशी करू नये, त्यांच्याच पूर्वीच्या क्षमतेशी करावी. पुढील बदल मात्र गेल्या वर्ष-दोन वर्षांत नव्याने सुरू झाले असतील तर तपासणी करून घ्यावी :

- ओळखीच्या भागात नेहमीचा रस्ता बदलावा लागला की पुढे काय करावे हे न सुचणे.
- जाताना वाट सापडणे, पण परतताना तीच वाट अनोळखी वाटणे.
- दोन-तीन वेळा नेऊनही नवे ठिकाण, जसे नव्या सुनेचे घर किंवा नवी बँकशाखा, लक्षात न राहणे.
- ‘पोस्ट ऑफिसकडून तुमचे घर कोणत्या बाजूला?’ याचे उत्तर पूर्वी चटकन देणाऱ्या व्यक्तीला आता न देता येणे.
- कारण न सांगता एकट्याने जाणे टाळू लागणे. हे लक्षण सर्वाधिक दुर्लक्षित राहते, कारण भीती लपवण्यासाठी गुडघेदुखीचे किंवा उन्हाचे निमित्त पुढे केले जाते.

एक फरक तातडीचा आहे. दिशांचे भान काही तासांत किंवा दिवसांत अचानक सुटले, बोलणे असंबद्ध झाले, गुंगी येऊ लागली, किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर तो सौम्य ऱ्हास नव्हे. संसर्ग, सोडियम कमी होणे, पक्षाघात किंवा पडल्यानंतर डोक्यात साचलेले रक्त यांपैकी काहीही त्यामागे असू शकते, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी लिहून ठेवण्याची गोष्ट

‘हल्ली ते विसरतात’ या वाक्याने डॉक्टरांच्या हाती फारसे काही लागत नाही. त्याऐवजी तीन-चार आठवडे वहीत नोंद करावी, आणि शक्य तेथे ती त्या व्यक्तीने स्वतः करावी. नोंद अशी असावी : ‘मंगळवार, सायंकाळी सहा. मंडईतून परत येताना नेहमीची गल्ली खोदलेली असल्यामुळे मागच्या गल्लीने जावे लागले. दहा मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास लागला. रिक्षावाल्याला पत्ता बरोबर सांगितला, पण आपण कोणत्या बाजूला उभे आहोत ते सांगता आले नाही.’ एवढ्या चार ओळींतून डॉक्टरांना कळते की पत्ता स्मरणात आहे, भाषा शाबूत आहे, आणि अडचण नकाशा जुळवण्यात आहे. वेळ लिहिणे विशेष महत्त्वाचे, कारण अडचण केवळ अंधार पडल्यावरच येत असेल तर दोष मेंदूचा नसून मोतीबिंदूचाही असू शकतो.

वहीसोबत सर्व औषधांची पाकिटे न्यावीत. आयुर्वेदिक काढे, मेडिकलच्या दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या आणि शेजाऱ्यांनी सुचवलेली झोपेची गोळी यांसह. सुरुवात ओळखीच्या फॅमिली डॉक्टरांपासून करावी, आणि पुढे मेंदूविकारतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ किंवा वार्धक्यविकारतज्ज्ञ यांच्याकडे पाठवण्याची विनंती करावी. मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्याचा संकोच येथे केवळ वेळ दवडतो.

तपासणीत काय विचारावे

आधी सुधारता येण्याजोगी कारणे शोधली जावीत, हा रुग्णाचा रास्त आग्रह आहे. त्यांपैकी महाराष्ट्रातील घरांत हमखास तपासावे असे कारण म्हणजे जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता; शाकाहारी आहार आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे चालू असलेली मेटफॉर्मिन ही गोळी या दोहोंमुळे ती होऊ शकते. त्याखेरीज पुढील बाबी विचाराव्यात :

- थायरॉइड, रक्तातील साखर, सोडियम, मूत्रपिंड व यकृताचे कार्य यांच्या रक्तचाचण्या.
- झोपेच्या गोळ्या, ॲलर्जीच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या, लघवीवर ताबा राहण्यासाठीची काही औषधे आणि ॲमिट्रिप्टिलिन यांचा आढावा. ही औषधे बुद्धीवर मळभ आणू शकतात, परंतु ती स्वतःहून एकदम बंद करू नयेत. बदल डॉक्टरांनीच करावा.
- नैराश्य. वार्धक्यात ते रडण्यातून क्वचित आणि निरुत्साहातून अधिक दिसते.
- ऐकू येणे, दृष्टी, मद्यपान, तसेच मोठ्या घोरण्यासह झोपेत श्वास अडकणे.
- मेंदूचे सीटी किंवा एमआरआय चित्रण.

बोधात्मक चाचणीत घड्याळ काढणे, घनाकृती पाहून काढणे, शब्द लक्षात ठेवणे असे भाग असतात. येथे दोन धोके आहेत. पहिला, या चाचण्यांवर शिक्षणाचा प्रभाव असतो. आयुष्यभर शेती करणाऱ्या आणि पेन्सिल क्वचितच हाती धरलेल्या आजींना घनाकृती काढता आली नाही म्हणून त्यांना आजारी ठरवणे अन्याय्य आहे, तर निवृत्त प्राध्यापकांचे उत्तम गुण त्यांची खरी घसरण झाकू शकतात. चाचणी मातृभाषेत घ्यावी आणि शिक्षणाची वर्षे लक्षात घेऊन निष्कर्ष सांगावा, अशी विनंती करण्यास संकोचू नये. दुसरा धोका असा की सर्वसाधारण चाचण्यांत वाट शोधण्याची परीक्षा जवळजवळ नसते, त्यामुळे गुण चांगले येऊनही नोंदवहीतील अडचण खरी असू शकते. ती वही अशा वेळी पुढे करावी. एमआरआय ‘नॉर्मल’ आला म्हणजे प्रश्न मिटला असेही नसते.

औषधांविषयी स्पष्ट बोलणे गरजेचे आहे. सौम्य ऱ्हासाचे स्मृतिभ्रंशात होणारे रूपांतर खात्रीने रोखणारी गोळी नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या मोठ्या चाचणीत ‘ई’ जीवनसत्त्वाचा उपयोग दिसला नाही, आणि स्मृतिभ्रंशावर दिल्या जाणाऱ्या डोनेपेझिल या औषधाचा सुरुवातीचा लाभ तीन वर्षांअखेर टिकला नाही. लेकॅनेमॅब आणि डोनॅनेमॅब या औषधांना अमेरिकेत अनुक्रमे २०२३ आणि २०२४ मध्ये मान्यता मिळाली, पण ती केवळ अल्झायमरमुळेच झालेल्या आणि मेंदूतील अमायलॉइड प्रथिनाचा साठा तपासणीने सिद्ध झालेल्या सुरुवातीच्या अवस्थेसाठी आहेत. त्यांचा लाभ मर्यादित आहे, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याच्या धोक्यामुळे वारंवार एमआरआय करावा लागतो. ‘स्मृतिवर्धक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या चूर्ण-गोळ्यांवर पेन्शन खर्च करू नये. याउलट आठवड्यातून किमान दोनदा नियमित व्यायाम, रक्तदाब व मधुमेहावर नियंत्रण आणि गरज असल्यास श्रवणयंत्र यांची शिफारस ठामपणे करता येते.

बाहेर जाणे बंद करू नये. वाट सोपी करावी

पहिली चूक झाल्यावर किल्ली काढून घेणे हा प्रेमापोटी होणारा आणि तरीही सर्वाधिक हानिकारक निर्णय आहे. चालणे थांबते, माणसे भेटेनाशी होतात, झोप बिघडते, आणि जे कौशल्य टिकले असते तेही वापराअभावी क्षीण होते. प्रश्न ‘जाऊ द्यावे का’ असा नसून ‘कोणत्या वाटेने, कोणत्या वेळी, कोणत्या आधाराने’ असा मांडावा.

ठरलेल्या तीन-चार ठिकाणांसाठी प्रत्येकी एकच वाट निश्चित करावी, ती थोडी लांबची असली तरी कमी वळणांची असावी, आणि जाण्या-येण्यासाठी तीच ठेवावी. खुणा न हलणाऱ्या निवडाव्यात : पाण्याची टाकी, शाळेची कमान, वडाचा पार. जाहिरातींचे फलक, उभी केलेली गाडी, सोमवारी बंद असणारी टपरी या खुणा दगा देतात. परतीच्या वेळी तोच चौक उलट बाजूने वेगळा दिसतो, म्हणून प्रत्येक वळणावर थांबून मागे वळून पाहण्याची सवय लावावी. नवी वाट शिकवताना व्यक्तीला चुकू देऊन मग सुधारण्यापेक्षा चूक होण्याआधीच हलकेच सांगावे, कारण या अवस्थेत चुकीचे वळणही तितकेच पक्के लक्षात राहू शकते. काही दिवस बरोबरीने, नंतर दोन पावले मागे राहून चालावे.

मुंबई-पुण्यातील वाचकांसाठी पुनर्विकासाचा मुद्दा वेगळा सांगावा लागतो. चाळीस वर्षांची इमारत पाडली जाते, कुटुंब दोन-तीन वर्षे भाड्याच्या घरात राहते आणि मग त्याच जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये परतते. पत्ता तोच असला तरी मनातील नकाशाच्या दृष्टीने ही दोन स्थलांतरे असतात. नव्या इमारतीत लिफ्टचे दार उघडले की प्रत्येक मजल्यावर तीच फरशी, तेच तपकिरी दार आणि तोच पिवळा दिवा दिसतो, आणि माणूस सातव्याऐवजी सहाव्या मजल्यावर उतरून आपली किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लावत राहतो. लिफ्टमधून बाहेर पडताच डोळ्यांसमोर येईल अशी ठसठशीत रंगाची, मोठ्या देवनागरी अक्षरांची पाटी किंवा पितळी घंटा लावावी. दाराशी रोज बदलणारी रांगोळी खूण म्हणून उपयोगाची नाही. मजल्या-मजल्याला वेगळा रंग देण्याची मागणी सोसायटीच्या सभेत मांडावी. खर्च किरकोळ असतो आणि लाभ सर्वच ज्येष्ठांना होतो. घर सोडण्याची तारीख ठरवताना अशा व्यक्तीसाठी त्याच परिसरातील भाड्याचे घर शोधणे हे जास्त भाडे देऊनही योग्य ठरते.

रेल्वे स्थानकांत सवयच आड येते. दादर स्थानकात ९ डिसेंबर २०२३ पासून फलाटांना सलग क्रमांक देण्यात आले आणि मध्य रेल्वेचा एक क्रमांकाचा फलाट आठ क्रमांकाचा झाला. ज्यांच्या मनात जुना क्रमांक पक्का बसलेला आहे त्यांनी क्रमांकावर विसंबण्यापेक्षा एक ठरलेला पूल आणि एक ठरलेला जिना धरून चालावे. गर्दीची वेळ टाळावी. पंढरीची वारी किंवा २०२७ मधील नाशिकचा सिंहस्थ अशा ठिकाणी खिशात ओळखपत्र आणि कायम एक सोबती असल्याशिवाय जाऊ नये.

मोबाइलमधील नकाशा उपयुक्त आहे, पण पडद्यावरचे फिरते चित्र वाचण्यासाठी नेमके तेच कौशल्य लागते जे उणे झालेले असते. म्हणून चित्राऐवजी बोलून सांगणारी मराठी सूचना चालू करावी, ‘घर’ हा पत्ता आधीच साठवून ठेवावा आणि हे सर्व आत्ताच, शिकण्याची क्षमता असताना, अंगवळणी पाडावे. व्हॉट्सॲपवरील थेट ठिकाण जास्तीत जास्त ८ तासांसाठी पाठवता येते. मात्र अशी सोय व्यक्तीच्या संमतीनेच करावी आणि ती कोण पाहणार हेही तिनेच ठरवावे. नकळत फोनमध्ये पाळत बसवणे हा विश्वासघात ठरतो, आणि कळल्यावर फोन घरीच ठेवून जाण्याची प्रवृत्ती वाढते.

गाडी चालवण्याविषयी

निदान झाले म्हणजे वाहन त्याच दिवशी सोडावे असे नाही, परंतु दर सहा महिन्यांनी कुटुंबातील कोणीतरी शेजारी बसून चालवणे पाहावे. नव्याने पडलेले ओरखडे, सिग्नलला उशिरा लक्ष जाणे, उलट दिशेने शिरणे, अंतराचा अंदाज चुकणे यांपैकी काही वारंवार दिसल्यास वाहन थांबवावे. वयाच्या ५५ वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते आणि त्यास वैद्यकीय प्रमाणपत्र लागते; पण पाच वर्षे हा काळ या अवस्थेत फार मोठा आहे, त्यामुळे परवान्याची मुदत शिल्लक आहे हे सुरक्षिततेचे प्रमाण मानू नये. दुचाकी आधी सोडावी, रात्रीचे आणि महामार्गावरील चालवणे त्याच वेळी बंद करावे, आणि रिक्षासाठी महिन्याची रक्कम वेगळी काढून द्यावी, म्हणजे गाडीबरोबर स्वातंत्र्य जात नाही.

वाट चुकलीच तर

व्यक्तीने स्वतः :

- चालत राहू नये. आहे तेथे, शक्यतो दुकानात किंवा देवळात, बसावे.
- खिशातील कार्ड दाखवावे. त्यावर नाव आणि दोन फोन क्रमांक असावेत. घराचा पूर्ण पत्ता आणि बँकेचे तपशील नसावेत.
- ‘रस्ता चुकलो आहे, या क्रमांकावर फोन लावून द्या’ हे वाक्य आधीच तयार ठेवावे; लाज वाटून गप्प राहण्यात अर्धा तास सहज जातो.

कुटुंबीयांनी पहिल्या अर्ध्या तासात पूर्वीचे घर, जुने कार्यालय, नेहमीचे देऊळ येथे माणसे पाठवावीत आणि एक जण घरी थांबवावा. व्यक्ती सापडली नाही तर ११२ क्रमांकावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे. बेपत्ता व्यक्तीची नोंद करण्यासाठी २४ तास थांबण्याची अट कोणत्याही कायद्यात नाही. तसे सांगितले गेल्यास वरिष्ठ अधिकाऱ्यांना भेटून नोंदीचा आग्रह धरावा. अलीकडचे पूर्ण उंचीचे छायाचित्र, कपड्यांचा रंग आणि वैद्यकीय कागद तयार ठेवावेत. परत आल्यावर उलटतपासणी करू नये. पाणी द्यावे, पडल्याच्या खुणा पाहाव्यात, आणि दुसऱ्या दिवशी शांतपणे वहीत नोंद करावी.

कागदपत्रे आणि हक्क

हे निदान झाल्याने सही करण्याचा, मत देण्याचा, पैसे काढण्याचा किंवा उपचार नाकारण्याचा अधिकार जात नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार उपचाराची माहिती समजून घेऊन निर्णय घेऊ शकणारी व्यक्ती सक्षमच मानली जाते, आणि त्याच कायद्याखाली साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो.

सर्वात मोठा गैरसमज मुखत्यारपत्राविषयी आहे. ‘वडिलांचे कुलमुखत्यारपत्र आहे, पुढे काही अडणार नाही’ असे अनेक घरांत मानले जाते. परंतु भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार मूळ व्यक्ती विकल मनाची झाली की मुखत्यारी संपुष्टात येते, म्हणजे ज्या दिवशी त्या कागदाची गरज पडते त्याच दिवशी तो निरुपयोगी होतो. त्यानंतर पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जाण्याचा लांबचा मार्ग उरतो. म्हणून निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच पुढील कामे करावीत :

- बँक खाती ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या पद्धतीने संयुक्त करणे व नामनिर्देशन तपासणे. नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, हे लक्षात ठेवावे.
- दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करणे, आणि त्याच दिवशीचे, व्यक्ती समजून-उमजून सही करण्यास सक्षम असल्याचे, डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडणे. पुढे भावंडांत वाद झाला तर हा एक कागद फार उपयोगी पडतो.
- घर मुलांच्या नावे करण्याची घाई टाळणे. बक्षीसपत्र करायचेच असेल तर त्यात सांभाळण्याची अट स्पष्ट लिहावी, म्हणजे ती न पाळल्यास ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम २३ खाली निर्वाह न्यायाधिकरणाकडे ते रद्द करून मागता येते.

दबाव, फसवणूक किंवा हेळसांड होत असल्यास ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर ती व्यक्ती स्वतः, किंवा तिच्या वतीने शेजारीही, फोन करू शकतात. मन खचले असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. बोधात्मक चाचणी सहा महिने ते वर्षभराने पुन्हा करून घ्यावी, पहिल्या चाचणीचे गुण आणि उत्तरपत्रिका यांची प्रत मागून घेऊन फाइलमध्ये ठेवावी, आणि दुसऱ्या वेळी शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच भाषेत ती द्यावी, म्हणजे दोन आकड्यांतील फरक व्यक्तीचा असतो, चाचणीचा नसतो.